चाळीस जणांचा बोकड

आमच्या मिलचा शेअर वर गेला की शेठ पेढे वाटत आणि बडे बाबू पेढा हातात धरून सुतकी चेहऱ्यानं बसत. मी कामाला लागले त्याच आठवड्यात हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. सगळं ऑफिस तोंड गोड करत होतं, वजनकाट्यावरचा माणूससुद्धा धानाचा ट्रक तसाच उभा ठेवून पेढ्यासाठी आत आला होता, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून खिडकीबाहेर कोंड्याच्या ढिगाकडे बघत बसलेले. मला वाटलं, घरी कुणी गेलं असेल. मी हळूच विचारलं, "बाबूजी, काही झालं का?"

"झालं ना, बाई. आज आपलं दोन लाख साठ हजाराचं नुकसान झालं." एवढं बोलून त्यांनी पेढा खाल्ला. पेढे कंपनीच्या खर्चातले होते, ते वाया घालवले असते तर नुकसान आणखी वाढलं असतं.

शेअर पडला की सगळं उलटं. शेठ केबिनमध्ये डोकं धरून बसलेले, आणि बडे बाबू दारातून डोकावून सांगणार, "शेठ, फायदा झाला जी!" एकदा शेठनी त्यांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला होता असं म्हणतात. बाबूंनी तो उचलला, पुसला, जागेवर ठेवला आणि तडा गेल्याची नोंद केली.

सिंदेवाहीहून मूलकडे जाताना आमची राईस मिल लागते. तिथले ते मोठे हिशेबनीस. त्यांना नाव होतं, पण पगारपत्रक सोडलं तर ते कुठेच वापरात नव्हतं. शेठपासून हमालांपर्यंत सगळे बडे बाबूच म्हणत. मी आरमोरीची. तिथल्या पतसंस्थेत आठ वर्षं काढली, ती बंद पडली, म्हणून बत्तिसाव्या वर्षी इथे त्यांच्या हाताखाली आले. पहिलं वर्ष कच्ची नोकरी, मग शेठच्या मनात असेल तर पक्की. घरी पाचवीतली मुलगी आणि खतांच्या दुकानात बसणारा नवरा, त्यामुळे ही नोकरी पक्की होणं मला फार गरजेचं होतं.

बाबूंशी बोलायचं म्हणजे एक कसरत होती. ते "उद्या भेटू" असं कधी म्हणत नसत. "उद्या भेटण्याचा संभव हाये" म्हणत. "चहा मी पाजतो" हेही नाही. फार पूर्वी त्यांनी कोणाला तरी "पुढचा चहा माझ्याकडं" असं सांगितलं, आणि पुढचा चहा येईपर्यंत टपरीवाल्यानं सातचे दहा केले. तीन रुपये गेले याचं त्यांना दुःख नव्हतं. आपण किती रुपयांचा शब्द दिला हे देताना आपल्याला माहीत नव्हतं, याची त्यांना लाज वाटत होती.

"बाई," ते मला सांगत, "उधारी सोपी असते. शंभर घेतले, शंभर द्याचे. शब्दाचं तसं नाई. आज दिला तवा पाच रुपयाचा असते, अन् द्याची वेळ आली का पाचशेचा होऊन बसते. म्हनून त्याले दर तीन महिन्यानं मोजत राहा लागते."

आणि ते खरोखरच मोजत. घरी त्यांची एक लांबट लाल वही होती, तिला काकू, म्हणजे त्यांच्या बायको, 'वचनवही' म्हणत. जन्मात ज्याला ज्याला जो जो शब्द दिला तो तिच्यात लिहिलेला, आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च संपला की प्रत्येक शब्दाची ताजी किंमत पुढे मांडलेली. लग्नाच्या वर्षी त्यांनी काकूंना "तुझ्या पसंतीची साडी घेईन" असं म्हटलं होतं. घात झाला तो 'पसंती'नं. दर तीन महिन्यांनी हे ब्रह्मपुरीच्या कापड दुकानात जाऊन काकूंना दहा साड्या दाखवत, त्यांना कुठली आवडली ते विचारत, किंमत लिहून घेत आणि परत येत. दुकानदार आधी पाणी विचारायचा. पुढेपुढे त्यानं गादीवरून उठणंही सोडलं.

"बावीस वर्षं झाली," काकू मला म्हणाल्या, "पयले मले राग ये. आता मी मुद्दाम पैठणीवर हात ठेवतो. दोन दिवस जेवत नाई मग ते."

सासूबाईंचं प्रकरण तर साऱ्या मिलनं पाहिलं. वरोऱ्याच्या आपल्या सासूबाईंना त्यांनी लग्नात भरपंगतीत सांगितलं होतं, "तुमाले वाघ दाखवीन." तेव्हा ताडोब्यात जाणं स्वस्त होतं. मग जिप्सीचं भाडं वाढत गेलं आणि वहीतला वाघ फुगत गेला. शिवाय एका फेरीत वाघ दिसेलच असं नाही, म्हणून बाबू दर तिमाहीला गेटवरच्या ओळखीच्या गाईडला फोन करून विचारत, "सध्या दहात किती जनाले दिसून राह्यला?" आणि त्या हिशेबानं फेऱ्यांची संख्या धरत. एका उन्हाळ्यात मिलमागच्या नाल्यावर वाघाचे पंजे उमटले, वनविभागानं पाटी लावली, हमालांनी संध्याकाळी एकेकटं जाणं बंद केलं. सगळे घाबरलेले असताना बाबू मात्र खूश. "बाई, वाघाची किंमत एकदम पडली!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई वरोऱ्याहून हजर. गोदामाच्या गच्चीवर खुर्ची, डोक्यावर छत्री, मांडीवर डबा. तीन दुपारी त्या तिथे बसल्या. तिसऱ्या दुपारी नाल्यावर खरंच वाघ आला, पाणी प्यायला, बसला, उठला, गेला. आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलेलो. बाबू धावत गच्चीवर गेले.

"दिसला ना?"

"दिसला," सासूबाई म्हणाल्या, "पन जावईबापू, हे तं पिल्लू हाये. तुमी वाघ म्हनलं होतं."

बाबूंनी वाद घातला नाही. वहीत 'अर्धी फेड' असं लिहिलं आणि उरलेला अर्धा वाघ पुढच्या तिमाहीत ओढला.

अशा माणसाच्या हातात आमच्या मिलचे हिशेब होते, आणि मिलनंही नेमका तसलाच एक शब्द देऊन ठेवला होता. तो मी येण्याआधीचा. बॉयलर फुटला, मिल सहा महिने लंगडत चालली, पगाराला पैसे नव्हते. तेव्हा चाळीस जणांनी, हमाल, ड्रायव्हर, तांदूळ पाखडणाऱ्या बाया, अशा सगळ्यांनी सहा महिने अर्ध्या पगारावर काम केलं. मिल वाचली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली आणि शेठचा गळा दाटून आला. शेठ मनानं चांगला माणूस, फक्त त्यांचा चांगुलपणा गळा दाटलेला असेपर्यंतच टिकतो. ते म्हणाले, "तुमचे अर्धे पगार मी विसरनार नाई. आजपासून तिसऱ्या दसऱ्याले प्रत्येकाले आपल्या कंपनीचे हजार शेअर, तीस रुपयानं! बाजारात भाव कितीही असो! अन् ज्याले शेअर नको, त्याले वरचा फरक नगदी!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबायच्या आत बाबूंनी कंपनीचा छापील कागद पुढे केला. "शेठ, एवढं लिहून द्या." शेठनी झेंडूची फुलं बाजूला सारून सही केली. खाली चाळीस नावं.

तेव्हा आमचा शेअर मुंबईच्या बाजारात, लहान कंपन्यांच्या खान्यात, बावीस रुपयांना पडून होता. बावीसची वस्तू तीसला घेण्याचा हक्क म्हणजे काहीच नाही असं सगळ्यांना वाटलं. शेठनाही तेच वाटलं असणार. एकट्या बाबूंना नाही. त्यांनी त्याच महिन्यात मिलच्या वहीत त्या कागदाची किंमत लावली, प्रत्येक शेअरमागे साडेचार रुपये. शेठ उखडले. "जे आज फुकट हाये त्याचे साडेचार काऊन?"

"कारन अजून तीन वर्षं बाकी हायेत, शेठ. शेअर काय झोपून राहीन का तीन वर्षं?"

शेठच्या डोक्यात हे शिरेना. मग बाबूंनी त्यांना जे समजावलं ते मिलमध्ये अजून सांगतात. "समजा, मी तुमाले शब्द देल्ला का पुढच्या मंडईच्या जत्रेले माझा बोकड तुमाले पाच हजारात देईन. आज तो चारचाच हाये. पन खाऊन पिऊन तो बारा हजाराचा झाला, तं माझे सात हजार गेले का नाई?"

"पन बोकड तं तुमच्याकडंच हाये ना?"

"माझ्या दावनीले हाये, शेठ. पन आता तो तुमच्यासाठी चरून राह्यला."

हे शेठना पटलं. इतकं पटलं की त्या दिवसापासून ते त्या देण्याला बोकडच म्हणू लागले. सकाळी आले की आधी, "बाबू, बोकड कसा हाये?" नागपूरच्या सीए साहेबांच्या भाषेत त्याचं नाव डेरिव्हेटिव्ह लायबिलिटी होतं, पण त्यांच्याही तपासणीच्या कागदावर एकदा चुकून 'बोकडाची तरतूद' असं उमटलं आणि ते खोडायला त्यांना नवीन पान घ्यावं लागलं.

मी आले तोवर बोकड भलताच माजला होता. मिल चांगली चालली होती, शेअर शंभराच्या पुढे गेला होता. जितकी कंपनीची भरभराट, तितकं चाळीस जणांचं येणं मोठं, आणि तितका वहीत तोटा. बाबूंचं सुतक आता जवळजवळ रोजचंच झालं होतं.

मार्च आला आणि गंमत संपली. शेठना चामोर्शीला दुसरी मिल टाकायची होती. बँकेचं म्हणणं, यंदाचा नफा दाखवा. नफा होता, एकतीस लाख. त्यातून बोकड यंदा जेवढा वाढला तेवढं वजा केलं की उरत होते लाखभर.

"लाखभर?" शेठ ओरडले. "एवढ्यात तं बँकेतले लोक चहा नाई विचारनार मले!"

मग शेठच्या लक्षात आलं की शेअर पडला तर बोकड वाळेल. मार्चचा शेवटचा आठवडा मी विसरणार नाही. कंपनीचा मालक सकाळपासून फोन समोर ठेवून आपलाच शेअर पडावा म्हणून देवाला हात जोडतोय, आणि शेजारी हिशेबनीस खुर्ची टाकून बसलेला. एक रुपया उतरला की दोघं एकमेकांना टाळी देत. शेवटच्या दुपारी शेठ हळूच म्हणाले, "बाबू, बसस्टँडवर कोनाजवळ बोलू का, आपल्या तांदळात सोंडे निघाले म्हनून?"

"तो गुन्हा होते, शेठ. अन् आपल्या तांदळात सोंडे नाईत," बाबू दुखावून म्हणाले.

बाजार बंद होताना शेअर आणखी नव्वद पैसे चढला. एकशे एकवीस. लाखभराचे चौसष्ट हजार झाले.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ. "बाई, तो कागद काय रजिस्टर केलेला नाई. पूजेत मानूस बोलते काईबाई. तुमी कंप्युटरवरची ती एक ओळ काढून टाका. बाबू म्हातारे झाले, त्याइले नाई समजत. अन् हो, तुमचं पक्कं करायचं पत्र मी टाईप कराले सांगतो."

मी ती ओळ काढली. हे मी आज लिहितेय, पण कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बटण दाबलं, चाळीस जणांचे साडेछत्तीस लाख पडद्यावरून गेले, आणि खाली एकतीस लाखांचा नफा ऐटीत उभा राहिला. ओळ वहीत नसली की तिसऱ्या दसऱ्याला शेठना "कुठला कागद?" असं म्हणायची वाट मोकळी होणार, हे मला पक्कं समजत होतं. तरी मी दाबलं.

बाबूंना जेवणाच्या सुट्टीआधीच कळलं. मी वाट बघत होते की आता बोलतील. ते म्हणाले, "काढली ना? बरं. चला मंग."

"कुठे?"

"सांगून येऊ. ज्याचा शब्द परत घेतला त्याले सांगा लागते ना. चाळीस घरं हायेत, पन सुट्टीत सगळे शेडमंदीच भेटतीन."

तांदूळ पाखडणाऱ्या बायांमध्ये गिरजाबाई सगळ्यात जुनी, साठीच्या पुढची. शेडच्या सावलीत डबा उघडून बसली होती. आम्हाला बघून तिनं पोतं झटकून अंथरलं. "बसा जी बाई. आज झिंगे केले, घ्या दोन घास." मी बसले. बाबू माझ्याकडे नुसते बघत उभे. गिरजाबाईच आपणहून बोलायला लागली. तिनं तो दसऱ्याचा कागद झेरॉक्स काढून देवाच्या फोटोमागे ठेवला होता. त्यातून ती घरावर पत्रे टाकणार होती. पत्र्याचा निळा रंगसुद्धा तिनं ठरवला होता. "बाबू सांगते ना दर तीन महिन्यानं, कागद आता एवढ्याचा झाला म्हनून. मले तं वाटे, कागद देवाजवळ ठेवला म्हनून वाढून राह्यला."

माझ्या तोंडात घास फिरायला लागला. मी हात धुतले, ऑफिसात गेले, आणि ती ओळ होती तिथे परत टाकली. पक्क्या नोकरीचा नाद सोडला आणि संडासात जाऊन पोटभर रडले. बाबूंनी त्या दिवशी मला चहा पाजला, किंमत आधी विचारून.

पुढच्या आठवड्यात सीए साहेब नागपूरहून आले. कूलर घरघरत होता, तरी शेठना घाम. ओळ परत आलेली पाहून ते माझ्याकडे असे बघत होते की मी टेबलाखाली गेले असते तर बरं. त्यांनी सरळच सांगितलं, "साहेब, तो कागद मी माझ्या खुशीनं लिहिला. माझा खाजगी मामला हाये तो. कंपनीचा काही संबंध नाई. काढा तो बोकड."

सीए साहेबांनी पेन थांबवलं. बाबूंचा चेहरा एकदम उजळला.

"असं म्हना ना, शेठ! मग कंपनीच्या वहीतून काढतो मी." त्यांनी पिशवीतून दुसरी वही काढली. शेठच्या घरचे हिशेबही वर्षानुवर्षं तेच बघत. "तुमच्या घरच्या वहीत टाकतो. साडेछत्तीस लाख, शेठचं खाजगी देनं. सही करा इथं."

शेठचा हात मागे गेला. "घरच्या वहीत काऊन?"

"शब्द तं देल्ला ना, शेठ? देल्ला त्या दिवशी दोनशे मानसं होते. तो कुठंतरी राहीनच. तुमी फक्त सांगा, कंपनीत ठेवू का घरी."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, सीए साहेबांकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. बाबू पेन पुढे करून उभेच. मग शेठ म्हणाले, "तुमाले आज संध्याकाळपासून कामावरून काढलं, बाबू."

"चालते. पन संध्याकाळ व्हाले वेळ हाये. सही?"

सीए साहेबांना हसू आवरेना. ते म्हणाले, "शेठ, कंपनीतच राहू द्या. मी खाली टीप लिहितो की हा तोटा शेअर वाढल्यामुळे आहे, धंदा एकतीस लाखांचा झाला. बँकेतल्या लोकांना टीप वाचता येते हो." आणि खरंच बँकेनं टीप वाचली. चामोर्शीची मिल झाली. संध्याकाळी बाबू निघायला लागले तेव्हा शेठ केबिनमधून ओरडले, "उद्या वेळेवर या!" बाबू म्हणाले, "येण्याचा संभव हाये." माझं पत्र मात्र शेठनी दिवाळीपर्यंत दाबून ठेवलं.

तिसऱ्या दसऱ्याला पूजा झाली आणि वाटप झालं. त्या दिवशीच्या भावानं प्रत्येकाला शहाण्णव हजार. काहींनी शेअर घेतले, बाकीच्यांनी नगदी. यादी माझ्या हातात होती, मी नावं पुकारत होते. अर्धे पगार घेतलेल्यांचे जुने हजेरीपट ताडून बघायला म्हणून मी समोर ठेवले होते. नावं जुळवत गेले, आणि शेवटी एक उरलं. अर्ध्या पगारावर काम केलेली माणसं एक्केचाळीस होती. कागदावर चाळीसच होती.

उरलेलं नाव वाचायला मला क्षणभर लागलाच, कारण ते कुणी वापरतच नव्हतं.

मी हजेरीपट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "बाबूजी, तुम्ही पण सहा महिने अर्धा पगार घेतला. मग कागदावर नाव का नाही?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "कागद मीच बनवला ना, बाई. माझं नाव त्यात असतं, तं शेअर चढला का मले आनंद झाला असता. कंपनीचं नुकसान मांडताना ज्याच्या मनात लाडू फुटते, तो आकडा बरोबर कसा काढन?"

शहाण्णव हजार त्यांनी आकडा बरोबर यावा म्हणून सोडले होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि पायाही पडावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी सरळ शेडमध्ये गेले आणि गिरजाबाईला सांगितलं.

अर्ध्या तासात चाळीस जण ऑफिसात. वर्गणीची भाषा सुरू झाली तेव्हा बाबू दोन्ही हात हलवत उठले, पैसे घेणार नाही म्हणून. गिरजाबाई म्हणाली, "पैसे नाई तं नाई. मंग आमच्या घरी जेवाले या. दोघंबी. चाळीस घरं. जवा मन होईन तवा या, जे म्हनान ते करून घालू."

सगळे "हो हो" म्हणाले आणि खुशीत गेले. बाबू मात्र पांढरे पडले.

"बाई, काय करून गेले हे लोक! 'जवा मन होईन तवा', म्हंजे मुदत नाई. 'जे म्हनान ते', म्हंजे भाव नाई. अशाची किंमत काढाव कशी?"

त्याच हिवाळ्यात ते निवृत्त झाले. मला वाटलं, आता माणूस घरोघर जेवत सुटेल. ते एकाही घरी गेले नाहीत. मी भेटायला गेले तर टेबलावर कागदांचा पसारा. मला बसवून त्यांनी समजावलं, की मुदत नसलेला हक्क कधीच आधी वापरायचा नसतो. वापरला की संपला, ठेवला की वाढतो. तांदूळ महाग होतोय, झिंगे महाग होतायत, प्रत्येक जेवण दर तिमाहीला वर चढतंय. सगळं गणित बरोबर होतं, मी तपासलं. काकू आतून म्हणाल्या, "चाळीस घरचं जेवन अन् आमी दोघं रोज खिचडी खाऊन राह्यलो."

इकडे शेडमध्ये लोक रुसले. बाबूंना आमच्या घरचं चालत नाही, असं कोणी तरी बोललं आणि ते पसरलं. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते घाबरले, पण गेले नाहीत. म्हणाले, "गणित समजावून सांगतो मी त्याइले." मी हात जोडले.

दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार होता, मी काकूंकडे गेले होते. गिरजाबाई आपल्या पायांनी चालत आली. तिचं काम सुटून वर्ष झालं होतं, दम लागत होता, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाबूंनी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"बाबू, तुमी काऊन येऊन नाई राह्यले?"

बाबूंनी कागद पुढे ओढले. हक्क, मुदत, चढता भाव, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी थांबान जी. मी थांबीन का?"

बाबू कागदाकडे बघत राहिले. एकदा वरून खाली, मग परत पहिल्यापासून. ओठ हलत होते. मी त्यांची इतक्या वर्षांत कधी बेरीज चुकलेली बघितली नव्हती.

"बाई," ते मला म्हणाले, "समोरचा मानूस राहीन का नाई, हे मी धरलंच नाई."

त्यांनी स्कूटर बाहेर काढली. गिरजाबाईला मागे बसवलं आणि काकूंना सांगितलं, "तू बाईच्या गाडीवर ये, लौकर." रस्त्यात स्कूटर थांबली, म्हणून मीही थांबवली. बाबू मागे वळून गिरजाबाईला विचारत होते, घरी तांदूळ किती आहे, म्हणजे उरलेल्या एकोणचाळीस जणांना आजच तिच्याकडे बोलावता येईल का.